गुऱ्हाळातला डिस्को

शिक्षकाला आकाशवाणीवरून बोलायला मिळाले म्हणजे त्याने अभ्यासाचा, शेतीचा, नाहीतर स्वच्छतेचा विषय काढावा, अशी एक समजूत आहे. माझा आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर जातील. मी डिस्कोविषयी बोलणार आहे. मुंबई-पुण्याच्या नव्हे, कृष्णाकाठच्या आमच्या लहानशा गावातल्या, गुऱ्हाळाच्या शेडमधल्या डिस्कोविषयी. आणि त्याहीपेक्षा, ज्याला तो जिवापाड आवडला आणि पुढे ज्याचे त्याच्यावाचून बिनदिक्कत चालू लागले, अशा एका माणसाविषयी. तो माणूस मीच.

शिक्षकाची सवय म्हणून शब्दाचा उगम आधी सांगतो. डिस्को हा शब्द मूळचा फ्रेंच. ‘दिस्क’ म्हणजे तबकडी, आणि पुस्तकालयाला फ्रेंच भाषेत ‘बिब्लिओतेक’ म्हणतात. त्या चालीवर झाला ‘दिस्कोतेक’. म्हणजे मुळात हा तबकड्यांचा संग्रह, मग तबकड्या लावून नाचण्याची जागा. पुढे अमेरिकेत त्याचे एवढे वेड माजले की लोक त्याला विटले. १२ जुलै १९७९ रोजी शिकागो शहरात बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग घालून तो सुरुंगासारखा उडवून दिला. तिकडे असे दिवस घातले गेले, आणि आमच्या गावात मात्र बारसे अजून व्हायचे होते! १९८० साली ‘कुर्बानी’ चित्रपट आला. त्यात नाझिया हसन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने गायिलेले गाणे रेडिओवर लागले की आमच्या हातातली वैरण हातात राही. १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ आला. बप्पी लाहिरींचे संगीत आणि मिथुन चक्रवर्तींचे नाचणे. तालुक्याच्या टॉकीजमध्ये आम्ही सायकलवर डबलसीट जाऊन तो तीनतीनदा पाहिला. १९८३ च्या गणपतीत आमच्या गावात डिस्को सुरू झाला. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो.

जागेचे श्रेय गुळाला. गुऱ्हाळ दिवाळीच्या सुमाराला पेटते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बंद होते. पावसाळ्यात शेड मोकळी. चरक गोणपाटाने झाकलेला, चुलवाणाच्या तोंडावर फळ्या टाकलेल्या, कोपऱ्यात उरलेल्या चिपाडांचा ढीग, आणि सगळीकडे शिळ्या मळीचा आंबूस-गोड वास. तो वास आजही कुठे आला की मला डिस्कोच आठवतो. चावडीतल्या गणपतीची आरती आटोपली की आम्ही पंचवीस-तीस पोरे तिकडे पळायचो. शेडच्या मालकांची हरकत नव्हती, त्यांची एकच अट असे, “काहिलीला धक्का लावायचा न्हाई.”

आता काहिलीला आम्ही हात लावला नाही असे म्हटले तर खोटे होईल. रस आटवायची ती भली थोरली कढई, आतून घासून घासून चकचकीत झालेली. ती आम्ही भिंतीला उभी टेकवली आणि तिच्यासमोर लाल-हिरवे कागद चिकटवलेले चार दिवे लावले. उजेड तिच्यावर पडून साऱ्या शेडभर हाले. एका मडक्याला फुटक्या आरशाचे तुकडे खळीने चिकटवून ते आढ्याला टांगले होते. त्याला सुतळी बांधून एक पोरगा आळीपाळीने ओढत बसे. ओढली की मडके फिरे, सोडली की उलटे फिरे. शहरातल्या डिस्कोत असे मडके विजेवर फिरते, हे आम्हाला ठाऊक होते. पण आमचे दोन्हीकडे फिरते, त्यांचे एकाच बाजूला, असे आम्ही म्हणत असू.

तबकड्यांचे यंत्र स्पीकरवाल्याचे. त्याच्याकडे दोन कर्णे, एक अँप्लिफायर आणि तबकड्यांनी भरलेली पत्र्याची ट्रंक. आम्ही नाचताना जमीन हादरे आणि सुई उडे. मग त्याने यंत्राखाली वाळूचे पोते ठेवले आणि सुईच्या दांडीवर पाच पैशांचे ॲल्युमिनियमचे नाणे चिकटवले. सुई उडायची थांबली, पण नाण्याच्या भाराने तबकड्या लवकर झिजल्या. विजेचा जोर कमी झाला की गाणे मंदावे, गाणारीचा आवाज पुरुषासारखा होई, आणि आम्हीही तितकेच मंद नाचत असू. त्यावर कोणी हसत नसे.

नाच म्हणजे काय, तर खरे सांगायचे तर लेझीम. डिस्कोचा ठेका मिनिटाला साधारण १२० पडतो, आणि त्यात आडवळण नाही. एक, एक, एक, एक. हलगीवर वाढलेल्या पोरांना तो कळायला वेळ लागला नाही. शाळेत शिकवलेले लेझमीचे हात आम्ही त्यात घातले, थोडे मिथुनचे घातले, उरलेले ज्याने त्याने आपल्या अंगचे. पण एक गोष्ट मी आजवर विसरलो नाही. शाळेत मी मागच्या बाकावरचा. घरी धाकटा. रानात काम करताना सारखा बोलणी खाणारा. त्या शेडमध्ये मात्र माझ्याभोवती रिंगण होई. आपण कोणीतरी आहोत, हे मला पहिल्यांदा कळले ते त्या मळीच्या वासात. ज्यांना अशी जागा तरुणपणी मिळाली नाही, त्यांना मी काय म्हणतो ते कदाचित कळणार नाही.

मुली येत नसत, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा ते कोणाच्या डोक्यातही आले नाही. पुष्कळ वर्षांनी मी हे सारे रंगवून सांगत होतो, तेव्हा माझी थोरली बहीण म्हणाली, “तुझा डिस्को आम्हीबी ऐकलाय की. भाकऱ्या थापत. ताल चांगला व्हता, भाकरी गोल यायची.” ती हसली, पण मी पुढे काही बोललो नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण लिहायला घेतले, ती सांगतो. गुऱ्हाळापासून तिसरे घर थोरल्या गुरुजींचे. त्यांनी आमच्या बापांना बाराखडी शिकवली होती. १९८४ च्या गणपतीत एका रात्री, अकराच्या सुमारास, ते कंदील घेऊन शेडच्या दाराशी आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “पोरांनो, जरा बारीक करा.” स्पीकरवाल्याने लगेच बारीक केले. आम्ही सगळे अदबीने उभे. गुरुजी वळले, चालू लागले. आम्ही कंदिलाकडे पाहत होतो. चावडीचा कोपरा आला, कंदील वळला, दिसेनासा झाला, आणि आम्ही आवाज पहिल्यापेक्षा मोठा केला. मी केला. बटणावर हात माझा होता. मोठा हशा झाला.

गुरुजी पुन्हा आले नाहीत. त्यांची बायको त्या पावसाळ्यात अंथरुणाला खिळून होती. पोटात दुखे, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे, आणि पहाटेकडे जरा ग्लानी येई तेवढीच झोप. दिवाळीच्या आत त्या गेल्या. हे सारे गावाला माहीत होते. म्हणजे आम्हालाही माहीत होते. माहीत असणे आणि ध्यानात येणे यांत किती अंतर असते!

डिस्को मी सोडला असे काही झाले नाही. डी.एड.ला नंबर लागला, मग नोकरी, लांबच्या तालुक्यात बदली. १९८९ साली गणपतीला गावी आलो. कॅसेटचे दिवस आले होते, स्पीकरवाल्याची ट्रंक गेली होती, पण शेड तीच, मडके तेच. पोरांनी हाताला धरून मला आत ओढले. मी उभा राहिलो. गाणे सुरू झाले. पाय हलेनात. लाज वाटली म्हणून नव्हे. गाणे नुसते गाणे वाटू लागले होते. अर्धा तास खांबाला टेकून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत कोणते कागद पाठवायचे आहेत, याचा विचार करीत घरी आलो. आपण एखाद्या जागेतून बाहेर पडतो, तेव्हा दार वाजत नाही. मला वाईट वाटले ते पुढे पुष्कळ दिवसांनी, आणि तेही दुसऱ्याच कशाने तरी. पुढे साखर कारखान्याला ऊस घालणे सोयीचे झाले, गुळाला मजूर मिळेनात, गुऱ्हाळ थंडावले. शेडचे पत्रे विकले गेले. मडक्याचे काय झाले कोणी पाहिले नाही.

निवृत्त होऊन मी गावी राहायला आलो. आता गणपतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी राहते. आमच्या दोन कर्ण्यांचा आवाज कानाला लागे. हा छातीला लागतो, मांडणीवरची भांडी वाजतात. कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर उघड्यावर लावायला मनाई केली. सणावारी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. आकडा लहान दिसतो, पण डेसिबल आपल्या मोजमापासारखे चढत नाही. दहाने वाढला की आवाजाचा जोर दसपट होतो, विसाने वाढला की शंभरपट. हे मी शाळेत फळ्यावर लिहून दाखवीत असे. माझ्या हाताखालून गेलेलीच पोरे आता ट्रॉली आणतात.

गेल्या वर्षी माझी आई अर्धांगाने पडून होती. नव्वदीच्या घरातली. सातव्या रात्री, साडेअकराला, तिने भिंतीकडे तोंड केले आणि चांगला हात कानावर ठेवला. दुसरा कान तिला झाकता येत नव्हता. पोलिसांना फोन लावावा असे मुलगा म्हणाला. मी म्हटले, थांब. कंदील नव्हता, मोबाईलची बॅटरी लावून गेलो.

नाचणाऱ्या पोरांच्या अंगाला घामाचा आणि गुलालाचा वास होता. एकाभोवती रिंगण पडले होते. मला तो चांगला माहीत आहे, वर्गात कधी तोंड उघडत नसे. नाचत होता छान. मी तो गाणे संपेपर्यंत पाहत राहिलो. आईला घरी तसे ठेवून मी तिथे तेवढा वेळ का थांबलो, हे मला सांगता येत नाही. मग पुढे झालो. म्हणालो, “बाळांनो, जरा बारीक करा. आई झोपंना.”

लगेच बारीक झाले. पोरे अदबीने उभी राहिली. तोच नाचणारा म्हणाला, “गुरुजी, तुमीबी डिस्को करायचा म्हणं?” मी म्हटले, “करायचो.” “मग या की आत!” सगळे हसले, मीही हसलो आणि वळलो.

चावडीच्या कोपऱ्यापर्यंत शंभर पावले असतील. माझ्या पाठीवर किती डोळे आहेत ते मला न पाहता कळत होते. कोपऱ्यावर आलो. वळलो, बॅटरी विझवली आणि भिंतीच्या आड उभा राहिलो. थोडा वेळ काही नाही. मग आवाज वाढला. पहिल्याइतका नव्हे, पण वाढला.

घरी येऊन खिडकी लावली, फटीत धोतराचे फडके कोंबले. आई म्हणाली, “सांगितलंस?”

“सांगितलं,” मी म्हटले, आणि तिचा दुसरा कान माझ्या हाताने झाकून बसून राहिलो.