स्कॉटी मूर : एल्विसच्या आवाजामागची गिटार

कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि दक्षिणेकडील गोऱ्यांचे कंट्री संगीत यांच्या संयोगातून अमेरिकेत आकाराला आलेल्या रॉक अँड रोलमध्ये गिटारला स्वतंत्र स्थान मिळवून देणाऱ्या आरंभीच्या वादकांत टेनेसी राज्यात १९३१ साली जन्मलेल्या स्कॉटी मूर यांची गणना होते. जुलै १९५४ मध्ये मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत एल्विस प्रेस्ली यांचे ‘दॅट्स ऑल राइट’ ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा प्रेस्ली यांच्या साध्या गिटारखेरीज साथीला मूर यांची विद्युत गिटार आणि बिल ब्लॅक यांचा उभा बास एवढेच होते. ड्रम नसल्यामुळे ठेक्याला बळ देणे आणि गायनातील रिकाम्या जागा भरणे, अशी दुहेरी जबाबदारी मूर यांच्यावर आली. ती त्यांनी चेट ॲटकिन्स आणि मर्ल ट्रॅव्हिस यांच्या पद्धतीने, म्हणजे अंगठ्याने खर्जाच्या तारांवर लय राखत इतर बोटांनी सुरावट काढून, पेलली. पुढे त्यांनी रे बट्स यांनी बनवलेला इकोसॉनिक हा ध्वनिवर्धक घेतला, ज्यात चुंबकीय फितीमुळे प्रत्येक स्वराचा किंचित उशिरा उमटणारा प्रतिध्वनी मिळे आणि स्टुडिओतील परिणाम रंगमंचावरही साधता येई.

प्रेस्ली यांच्या अफाट कमाईच्या मानाने साथीदारांचे मानधन तुटपुंजेच राहिले, आणि त्याच कारणावरून मूर व ब्लॅक यांनी १९५७ मध्ये राजीनामे दिले. मूर नंतर मुख्यतः ध्वनिमुद्रणाकडे वळले. रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स मात्र त्यांनाच आपले स्फूर्तिस्थान मानत राहिले, आणि २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांच्या नव्या विभागात त्यांचा समावेश केला.