न सांगितलेलं दुखणं



कांदा काढणी असो की द्राक्षाची छाटणी, आपल्या नाशिक जिल्ह्यात बाईच्या हाताला उसंत नसते. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, पाळीत जास्त रक्त जातं. आपण म्हणतो, "बाईच्या जातीला हे असायचंच," आणि दुखणं अंगावर काढतो. आज आम्ही तुम्हाला दोन अभ्यासांबद्दल सांगणार आहोत. दोन्ही आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत झाले आणि जगभरच्या डॉक्टरांना त्यांची दखल घ्यावी लागली.

पहिला गडचिरोलीचा. तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांची 'सर्च' ही संस्था काम करते. राणीताई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी दोन गावांतल्या 650 जणींची तपासणी केली. त्यात वयात आलेल्या मुली होत्या, तशा म्हाताऱ्या आज्याही होत्या. दवाखान्यात कोण येतं याची वाट न बघता त्यांनी गावालाच विश्वासात घेतलं, म्हणून हे जमलं.

निष्कर्ष 1989 च्या जानेवारीत लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. 100 मधल्या 92 जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता. एकेकीला सरासरी तीन-चार आजार! पण त्रास होतो असं सांगणाऱ्या 100 मध्ये 55 च होत्या. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या? 100 मध्ये जेमतेम 8.

मैत्रिणींनो, हे आकडे नीट ऐका. तक्रार नाही म्हणजे आजार नाही, असं नसतं. कधी बाईला लाज वाटते, कधी तिला ते दुखणंच वाटत नाही, तर कधी दुखणं आतल्या आत वाढतं आणि तिला कळतही नाही.

तोवर सरकारी आरोग्य योजनांना बाईची आठवण व्हायची ती बाळंतपणाला आणि कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला. पोटात मूल नसतानाही बाईला शरीर असतं, हे या अभ्यासानं आकड्यांनिशी दाखवलं. पुढे 1994 साली कैरोच्या जागतिक परिषदेत बाईच्या प्रजनन आरोग्याला मानाचं स्थान मिळालं. 1997 साली आपल्या सरकारनं प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू केला, त्यात जननमार्गाच्या संसर्गावरचे उपचारही आले.

दुसरा अभ्यास उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या धाराशिवचा. विषय होता गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. मुंबईचं टाटा रुग्णालय आणि बार्शीचं कॅन्सर रुग्णालय यांचा त्यात सहभाग होता. 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. ज्या गटातल्या बायकांची एकदाच या विषाणूची तपासणी झाली आणि गरज होती त्यांना उपचार मिळाले, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानानं जवळपास निम्मे झाले. हे 2009 साली छापून आलं. तपासणीविना राहिलेल्या त्या बायकांनाही आपण विसरायला नको. तो गट तसा ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे टीकाही झाली.

मग आपण काय करायचं?

पांढऱ्या पाण्याला घाण वास येणं, खाज, लघवीला आग, ओटीपोटात दुखणं, अंग बाहेर येणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, यातलं काहीही असलं तरी डॉक्टरांना दाखवा. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर दुखणं पुन्हा उलटतं. हे डॉक्टरांकडून दोघांनी मिळून समजून घ्या.

आणि काहीच त्रास नसला, तरी वयाची तिशी ओलांडलेल्या बाईनं गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. सरकारी कार्यक्रमात ती आहे. सौम्य आम्ल लावून बघतात, काही मिनिटांचं काम असतं. तुमच्या भागात ती कुठे आणि कोणत्या दिवशी होते, हे आशाताईंना विचारा. तपासायला बाई डॉक्टर किंवा सिस्टर हवी असेल तर तसं मोकळेपणानं सांगा, त्यात कमीपणा नाही.

एकटीनं जायला पाय उचलत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून बचत गटाच्या येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की तिशीपुढच्या सगळ्यांची नावं लिहा, तारीख ठरवा आणि पाच-सहा जणी मिळून जा. सासूबाईंना आणि जाऊबाईंनाही बरोबर घ्या. म्हातारपणी कसली तपासणी, असं म्हणू नका. गडचिरोलीच्या आज्यांनीही करून घेतली होती.

पुढच्या कार्यक्रमात भेटूच. नमस्कार.