वैशाखांतील वाहतें पाणी

वैशाखाच्या उन्हांत थंड पाण्याची आठवण न होणारा मनुष्य विरळा. मुलांच्या शाळांस सुटी लागते, शहरांतल्या घरांच्या भिंती रात्रींहि निवत नाहींत, आणि घरांतलें कोणीतरी म्हणतें, चला, कोंकणांत एखाद्या धबधब्याखालीं जाऊन बसूं. अलीकडे अशा बेताला नवें साधन मिळालें आहे. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली कॅराव्हॅन नांवाची मोटार भाड्यानें मिळते. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा पर्यटनाचें धोरणहि ठरविलें. चाकांवरचें हें घर वाटेल तेथें उभें करतां येतें खरें. धबधबा मात्र वाटेल त्या ऋतूंत उभा करतां येत नाहीं.

पेण शहराला लागून असलेल्या रामवाडीहून असें एखादें कुटुंब मेच्या आरंभीं निघालें आहे, अशी कल्पना करूं. पूर्वेकडे डोंगरांची रांग दिसते. श्रावणांत याच डोंगरांवरून पांढऱ्या धारा लोंबत असतात. आतां तेथें काळा कातळ आणि वाळलेलें गवत एवढेंच उरलें आहे. मुलें विचारतात, 'धबधबा कोठें आहे?' वडील बोट दाखवितात, पण दाखविण्यासारखें कांहीं नसतें. याचें कारण अवघड नाहीं. या जिल्ह्यांत वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सह्याद्रीची पश्चिमेची बाजू उभ्या कड्यांची, तिचा दगड लाव्हारसाच्या थरांनीं बनलेला आणि कठीण. त्यामुळें पडलेलें बरेंचसें पाणी मुरण्याऐवजीं धांवतें आणि थोड्याच अंतरावर समुद्राला मिळतें. दिवाळीनंतर धारा बारीक होतात आणि होळीपर्यंत बहुतेक आटतात. मागें राहतात ते डोह आणि कोंडी.

हे डोह उन्हाळी प्रवाशाचे जुने सोबती आहेत. पेणेचें मीठ बैलांच्या पाठीवर लादून वंजाऱ्यांचे तांडे घाट चढून देशावर जात, तेव्हां त्यांचा मुक्काम पाणी पाहूनच पडे. बैल तहानलेला असतां निसर्गशोभा पाहत बसण्याची चैन त्यांस परवडणारी नव्हती.

आपलें कुटुंब वडखळ व नागोठणें मागें टाकतें. वाकणच्या फाट्यावरून पालीकडे वळल्यास उन्हेऱ्याचीं कुंडें लागतात; पण तीं ऊन पाण्याचीं ! वैशाखांत तेथें स्नान करावयास निघालेल्याची प्रकृति तरी नाजूक असावी किंवा श्रद्धा तरी बळकट. गाडी सरळ कोलाडला येते, आणि तेथें सर्वांस आश्चर्याचा धक्का बसतो. वाटेंतले सारे ओढे कोरडे, आणि येथें कुंडलिका नदी दोन्ही तीरांमधून भरून, थंडगार, खळाळत चाललेली ! रबरी नावांत बसून तरुण मंडळी लाटांवरून ओरडत जात आहेत. ढग तर औषधालाहि नाहीं.

हें पाणी कुंडलिकेच्या खोऱ्यांत पडलेलें नव्हे. तें गेल्या पावसाळ्यांत घाटमाथ्यापलीकडे, मुळशीच्या खोऱ्यांत पडलें. त्याचा स्वाभाविक मार्ग मुळेंतून पुण्याकडे, तेथून भीमेंत, कृष्णेंत आणि अखेर बंगालच्या उपसागराकडे. टाटा कंपनीनें मुळशीला धरण बांधून तें अडविलें, आणि डोंगर ओलांडून नळांतून सुमारें पांचशे मीटर खालीं भिऱ्याच्या वीजगृहांत सोडलें. हें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें. यंत्रें फिरवून बाहेर पडलेलें पाणी कुंडलिकेंत येतें आणि रोह्यावरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळतें. सह्याद्रीवरचा बारमाही धबधबा पाहावयाचा तर तो हाच, फक्त नळांत कोंडलेला.

त्याची किंमत मुळशीच्या शेतकऱ्यांनीं दिली. आपलीं गांवें व भाताचीं खाचरें पाण्याखालीं जाणार हें कळल्यावर १९२१ च्या एप्रिलांत तेथें सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापति' हें नांव याच लढ्यानें दिलें. विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी होते. १९२४ च्या सुमारास लढा मावळला आणि धरण झालें. नदीकांठीं पाय बुडवून बसलेल्या मुलांस हें सांगावें कीं नाहीं, हा आईबापांचा प्रश्न. पण सांगितल्यास त्यांची सहल बिघडेल, असें मात्र वाटत नाहीं.

दुसरी एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ही नदी पावसाच्या इच्छेनें वाढत नाहीं. विजेच्या गरजेप्रमाणें वाढते. दुपारीं आपल्या कुटुंबानें पात्राच्या मधोमध एका सपाट कातळावर शिदोरी सोडली आहे. मुलें घोट्याइतक्या पाण्यांत खेळत आहेत. कांठावर कपडे धुणारी एक बाई एकाएकीं उठते आणि ओरडते, 'अवो, पोरांना भायेर काढा, पाणी आलं !' वडील आकाशाकडे पाहतात. तेवढ्यांत काढून ठेवलेल्या चपलांपैकीं एक तरंगत निघते. मुलांना उचलून सारीं तीराला लागतात, आणि पाव घटकेंत तो कातळ दिसेनासा होतो. 'आभाळ तर स्वच्छ आहे,' असें आई म्हणते. बाई पिळे घालीत उत्तर देते, 'ह्ये आभाळाचं न्हाई, भिऱ्याचं पाणी.'

भिरा हें नांव उन्हाकरितांहि गाजलें आहे. २८ मार्च २०१७ रोजीं तेथें ४६.५ अंश तपमान नोंदलें गेलें. असल्या उन्हांत अंग भाजून आलेला मनुष्य थंड पाण्यांत धाडकन् उडी टाकतो, आणि घात होतो तो येथेंच. भिऱ्याजवळ रानांतून कांहीं तास चालून गेल्यावर देवकुंड लागतें. पावसाळ्यांत तेथें जाण्यास जिल्हाधिकाऱ्यांनीं अनेक वर्षीं मनाई केली आहे, कारण बुडून मेलेल्यांची संख्या थोडी नाहीं. उन्हाळ्यांत धार रोडावली म्हणजे कुंड निरुपद्रवी दिसतें; पण पडत्या पाण्यानें शतकानुशतकें खोदलेला खळगा कांठाशीं उथळ आणि एका पावलावर खोल असूं शकतो. वरचें पाणी कोमट, तळचें गार. पायांत पेटके येतात आणि चांगला पोहणाराहि घाबरतो. पूर्वीं कोंकणांत मुलांस विहिरींत पोहावयास शिकवितांना कमरेला सुका भोपळा बांधीत. शहरांतल्या तलावांत शिकलेलीं मुलें भोपळ्याला हंसतात. हंसोत बापडीं, पण अनोळखी डोहांत दोरी आणि तरंगणारें कांहींतरी जवळ असावें, आणि एका मोठ्या माणसानें पाण्याबाहेरच राहावें.

रात्रीं गाडी नदीपासून दूर, उंचावर उभी केली गेली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पात्रांतलें पाणी पुन्हां घोट्याइतकें होतें, आणि कालचा कातळ जणू कांहीं घडलेंच नाहीं असा ऊन खात पडला होता. मुलें पंचे घेऊन धांवलीं, पण धाकटी मध्येंच थांबली आणि धुणें घेऊन आलेल्या कालच्या बाईला विचारूं लागली, 'मावशी, आतां उतरूं का?' बाईनें वरच्या अंगाला, नदीच्या वळणाकडे थोडा वेळ पाहिलें. 'आत्तां न्हाई,' ती म्हणाली, 'बस हितंच. मी सांगते.' आणि तिघेंहि भावंडें तिच्या धुण्याच्या दगडापाशीं बसून राहिलीं.