रानडुक्कर कोणाचे?



वनखात्यात असताना पीकनुकसानीचे पंचनामे मी पुष्कळ केले. रानडुकरांनी एका रात्रीत आडव्या केलेल्या मक्यात उभा राहून शेतकरी विचारायचा, "साहेब, डुकरं सरकारची ना? मग सरकारच्या रानात ठेवा की." या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी दिलेली उत्तरे आज पाहू.

जर्मनीत शिकारीचा हक्क जमीनमालकाचा. सलग ७५ हेक्टर जमीन असेल तर त्याचे स्वतंत्र शिकारक्षेत्र होते. लहान शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून गावाचे क्षेत्र होते आणि ते बहुधा शिकाऱ्याला भाड्याने देतात. पण बंदूक घेतली आणि निघाले, असे चालत नाही. आधी लेखी, तोंडी आणि नेमबाजीची कठीण परीक्षा. हरणे किती मारायची, याचाही आराखडा मंजूर व्हावा लागतो. मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची रीत आहे; तिला 'शेवटचा घास' म्हणतात. आणि डुकरांनी शेत खाल्ले तर? भरपाईची जबाबदारी त्या क्षेत्रातील जमीनमालकांच्या संस्थेची. करारात ती बहुतेक वेळा भाडेकरू शिकाऱ्यावर येते. शेतकऱ्याने मात्र नुकसान कळल्यापासून आठवड्यात कळवायला हवे.

अमेरिकेत वन्यप्राणी जनतेचे, राज्य सरकार त्यांचे विश्वस्त. हे शहाणपण ठेच लागून आले. आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबूतर माणसाने मारून संपवले. शेवटचे १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. १९३७ च्या कायद्याने रायफली आणि काडतुसांवरील ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला.

आफ्रिकेत एकमत नाही. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून वन्यप्राण्यांपासूनचे हक्क आणि उत्पन्न गावकऱ्यांच्या संस्थांना दिले. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंदी घातली; पण हत्तींचा उपद्रव सोसणाऱ्या गावांची तक्रार वाढली आणि २०१९ मध्ये ती उठवली.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. सुरुवातीला त्यात परवान्याने शिकारीची सोय होती; १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. आता माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा काही प्राण्यांच्या बाबतीत उभ्या पिकाचे नुकसान होत असेल, तर अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने प्राणी मारता येतो.

मी बंदुकीची वकिली करत नाही. या कायद्यामुळेच आपले वाघ उरले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण इतर देशांकडून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. प्राण्यावर ज्याचा हक्क, त्यानेच त्याच्या नुकसानीचाही भार उचलायचा. आपण म्हणतो, रानातली जनावरे साऱ्या देशाची. मग त्यांनी खाल्लेल्या मक्याचे पैसे हे साऱ्या देशाचे देणे झाले. आणि देणे वेळेवर फेडायचे असते. पुढची पेरणी कोणासाठी थांबत नाही.