अभयदान : दंश करणाऱ्या जीवासही
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भगवान पार्श्वनाथांच्या मस्तकावरील नागफणा प्रत्येक श्रावकाच्या नित्यदर्शनातील आहे. कुमारावस्थेत त्यांनी तापसाच्या अग्नीतील लाकडात होरपळणाऱ्या नाग-नागिणीवर करुणा केली आणि तीच जोडी पुढे धरणेंद्र-पद्मावती झाली, ही कथा घराघरांत सांगितली जाते. त्या कथेतील सर्प कृतज्ञ आहेत. परंतु वाचविलेला जीव वाचविणाऱ्याच्याच हाताला कडाडून चावला, तर ती करुणा टिकते काय? कसोटी तेथे आहे.

वारणा खोऱ्यात उसाचे मळे आहेत, मळ्यांत उंदीर आहेत आणि उंदरांमागे धामण आहे. धामण बिनविषारी व शेतकऱ्याची उपकारकर्ती. तरीही पकडली की जोराने चावते. त्यावरून तिला दुष्ट ठरविणे अन्यायाचे होईल. सापास बाह्यकर्ण नसतात. जमिनीची कंपने आणि जिभेने टिपलेला गंध यांवर त्याचे जग उभे असते. वरून झेपावणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखाच भासतो. तो हात रक्षकाचा की भक्षकाचा, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नाही.

उत्तर अमेरिकेत किंगस्नेक नावाचा बिनविषारी साप पाळला जातो. आपला नागराज तो नव्हे. हा इतर साप, अगदी विषारी रॅटलस्नेकही खातो. म्हणून त्याला एकटेच ठेवावे लागते. हेळसांड झालेला असा साप सोडवून आणला की तो प्रारंभी चावतोच. जाणकार त्याला काही दिवस स्पर्शही करीत नाहीत. लपण्यास अंधारी जागा, योग्य ऊब आणि स्वच्छ पाणी एवढेच देतात. हाताला भक्ष्याचा वास राहिल्यास तो हातालाच भक्ष्य समजतो, म्हणून हात धुतात. कात टाकण्यापूर्वी त्याचे डोळे धुरकट होतात. त्या काळात आणि अन्न दिल्यानंतर दोन दिवस त्याला उचलत नाहीत. पुढे आकडीने हलकेच स्पर्श करून सूचना देतात व बाजूने, शरीराच्या मध्याला आधार देत थोडा वेळ उचलतात. चावला तरी त्याला झटकत वा मारीत नाहीत. काही आठवड्यांनी या स्पर्शात धोका नाही, इतकेच त्याला उमगते आणि दंश कमी होत जातात. या सर्व उपचारात संयम माणसाने पाळावयाचा असतो.

आपल्याकडील सापांबाबत हा संयम निराळ्या रीतीने पाळावा लागतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना घरी पाळता येत नाही. तेव्हा गर्दी हटविणे, काठ्या दूर ठेवणे, लांबून लक्ष ठेवणे आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळविणे, हेच श्रावकाचे अभयदान होय. प्रशिक्षित सर्पमित्र सापाला कापडी पिशवीच्या अंधारात शांत ठेवून लवकरात लवकर जवळच्या सुरक्षित अधिवासात सोडतो. त्याला दूध पाजू नये, त्याचे खेळ करू नयेत. वारणेपलीकडील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांची पूजा व मिरवणूक होत असे; कायदा आणि न्यायालयाचे आदेश यांमुळे त्या प्रथेवर निर्बंध आले. श्रद्धेनेही भयभीत जीवाला ताण पडतो, हा त्यातील बोध आहे.

साप विनाकारण हल्ला करीत नाही, हे पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी 1980 मध्ये 72 विषारी सापांसमवेत 72 तास काचेच्या खोलीत राहून दाखविले. पुढे 1986 मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. ते अनुभवी होते. त्यांचे अनुकरण कोणी करू नये. दंश झालाच तर जखम कापणे, घट्ट आवळून बांधणे वा मंत्र-तंत्र यांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.

श्वेतांबर परंपरेतील चंडकौशिकाची कथा सर्वश्रुत आहे. त्याने दंश केला, तरी भगवान महावीर अविचल राहिले. त्यांनी त्याला बोध केला आणि तो क्रोधी सर्प शांत झाला. प्रभूंची ती स्थिरता सामान्य संसारी जनांच्या आवाक्यातील नाही. परंतु उगारलेली काठी खाली ठेवणे आवाक्यातील आहे. क्षमापनेच्या दिवशी सकल जीवांची क्षमा मागितली जाते, त्या जीवांत मळ्यातील धामणही आहे. पुढील ऊसतोडीत ती पाचटातून निघेल, तेव्हा तिला वाट मोकळी करून द्यावी.

जय जिनेंद्र.