संगणकाचा ताळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत वा इतिहास यांविषयी काही ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र आज अर्जांविषयी बोलणार आहोत. परमुलखात राहणाऱ्या माणसाची ओळख गावातली चार माणसे पटवून देत नाहीत. ती कागदावरून पटते. आता तर कागदाची जागाही संगणकाच्या पडद्यावरील चौकटींनी घेतली आहे. शाळेतील प्रवेश, पारपत्र, प्राप्तिकर, निवृत्तिवेतन, सर्वांची वाट त्या चौकटींतूनच जाते. आपण तेथे भरलेला मजकूर बरोबर की चूक हे यंत्र कसे ठरविते, आणि ते ठरविण्याचा त्याचा अधिकार कोठवर चालतो, एवढाच आमचा विषय आहे. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत असलो तरी कला शाखेचे पदवीधर आहोत; तेव्हा यातील गणित जड जाईल, अशी भीती कोणी बाळगू नये.

'ताळा' हा शब्द येथील वडीलधाऱ्यांना शाळेपासून परिचित आहे. ४३ गुणिले २६ बरोबर १११८. आता ४३ च्या अंकांची बेरीज ७, २६ ची ८. सात आठे छप्पन्न. ५ आणि ६ अकरा. १ आणि १ दोन. इकडे १११८ च्या अंकांची बेरीज ११, म्हणजे पुन्हा दोनच. ताळा जुळला. परंतु घाईत कोणी १११८ ऐवजी ११८१ लिहिले तर? अंक तेच, बेरीज तीच. ताळा जुळतो आणि उत्तर मात्र चुकलेले असते. ताळा जुळणे म्हणजे उत्तर खरे असणे नव्हे, हा पहिला धडा आपणांस येथेच मिळतो.

आपल्या सावकारी व्यवहारातही हेच शहाणपण होते. जुन्या हुंडीत रक्कम अंकांत लिहीत, अक्षरांत लिहीत आणि शिवाय तिची निम्मी रक्कम देऊन 'तिची दुप्पट' असेही नमूद करीत. हजाराच्या हुंडीत 'निमे पाचशे' असे शब्द आले, की मागाहून एखादे शून्य वाढविणाऱ्याची पंचाईत होई. एकच गोष्ट दोन रीतींनी सांगावयाची, म्हणजे एकीने दुसरीची साक्ष द्यावी, हे त्यातील तत्त्व.

संगणकाने याहून निराळे तत्त्व शोधलेले नाही. त्याने ते अधिक नेटके केले. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५४ साली पेटंटसाठी अर्ज केलेली आणि १९६० साली मान्य झालेली रीत आजही बँकांच्या कार्डांवरील क्रमांक तपासते. तीत एक अंक चुकला तर तो पकडला जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर बहुधा पकडले जातात, पण ० आणि ९ यांची अदलाबदल मात्र निसटते. डच गणिती याकोबस फेरहूफ यांनी १९६९ साली ही उणीव भरून काढली. त्यांच्या रीतीत कोणताही एक अंक चुको वा कोणतेही शेजारचे दोन अंक परस्परांच्या जागी जावोत, ताळा बिघडतोच.

हीच रीत आपल्या आधार क्रमांकात वापरलेली आहे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला, आणि त्या योजनेचे तंत्रज्ञान केंद्र आपल्या या बंगळुरात आहे. बारा अंकांपैकी शेवटचा अंक हा केवळ ताळ्याचा. पहिला अंक ० किंवा १ कधीच नसतो. म्हणूनच एखादा अंक चुकताच पडदा तत्काळ 'क्रमांक अवैध' असे सांगू शकतो. प्राप्तिकराच्या स्थायी खाते क्रमांकाचीही अशीच शिस्त आहे: पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर, व्यक्तीचा क्रमांक असेल तर चौथे अक्षर 'पी' आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर. देशभरातील प्राप्तिकराची विवरणपत्रे जेथे तपासली जातात ते केंद्रही २००९ सालापासून याच नगरीत आहे. आपल्या शेजारीच हा केवढा मोठा ताळा अहोरात्र चालू आहे, याची कल्पना आपणांस क्वचितच येते.

परंतु येथे थांबून विचार केला पाहिजे. दोन भावांचे आधार क्रमांक परस्परांच्या अर्जात लिहिले गेले, तर दोन्ही ताळे बिनचूक जुळतात. महाराष्ट्रातील मागील पिढ्यांत किती तरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहून टाकली. यंत्राला त्या तारखेत काहीच वावगे दिसत नाही. परदेशी असलेल्या आपल्या मुलांच्या अर्जात ०४-०७ म्हणजे येथील ४ जुलै आणि अमेरिकेतील ७ एप्रिल. दोन्ही तारखा पंचांगात आहेत, दोन्ही वैध आहेत. मराठी दाखल्यावरील देवनागरी १ हा इंग्रजी नवासारखा आणि ४ हा आठासारखा दिसतो, हेही नकलून घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

याच्या उलट, खरे असूनही जे यंत्राला खोटे वाटते, त्याचा त्रास आपल्यासारख्यांना अधिक. सविता हे नाव घ्या. महाराष्ट्रात ते इंग्रजीत लिहिताना 'त'साठी नुसते 'टी' पुरते. कर्नाटकात पुढे 'एच' जोडतात, कारण नुसत्या 'टी'चा उच्चार येथे 'ट' होईल. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्यच. परंतु नागपुरात जन्मलेल्या आणि बंगळुरात शिकलेल्या मुलीच्या जन्मदाखल्यावर एक नाव व शाळेच्या दाखल्यावर दुसरे, अशी स्थिती होते. ज्ञानेश्वराचे आद्याक्षर आपल्याकडे 'डी', येथे 'जे'. आमच्या कन्नड शेजाऱ्यांत पुष्कळांना आडनावच नसते आणि चौकट मात्र आडनावासाठी अडून बसते. विवाहानंतर आपल्या स्त्रियांचे मधले व शेवटचे नाव बदलते, क्वचित पहिलेही. स्थायी खाते क्रमांक आधारशी जोडण्याची मुदत ३० जून २०२३ रोजी संपली. ज्यांना जोडणे बंधनकारक होते व ज्यांनी ते केले नव्हते त्यांचे क्रमांक १ जुलैपासून निष्क्रिय ठरले. अशा वेळी त्या एका 'एच'ची किंमत काय, हे ज्याचा परतावा अडकला त्यालाच ठाऊक.

मग चांगला अर्ज कोणता? आमच्या मते, चुकलेल्या चौकटीपाशीच चूक दाखवितो, ती कशी दुरुस्त करावी हे साध्या शब्दांत सांगतो, आणि एका चुकीसाठी भरलेला बाकीचा मजकूर पुसून टाकीत नाही, तो. पडद्यावरची तपासणी माणसाच्या सोयीसाठी असते. ती चुकविता येते, म्हणून मजकूर केंद्रात पोहोचल्यावर पुन्हा तपासावाच लागतो. परंतु जेथे आकडा आहे तेथे यंत्राने कठोर असावे आणि जेथे नाव आहे तेथे विनयी. अंकांना नियम असतो. नावांना परंपरा असते. नाव जुळत नसेल तर यंत्राने 'हे बरोबर आहे काय?' असे विचारावे, 'हे चूक आहे' असा निकाल देऊ नये, आणि अखेरचा शब्द कोणा जबाबदार माणसाचा असावा. या नगरीत असे अर्ज रचणारे कित्येक मराठी तरुण आहेत. आमची ही विनंती विशेषेकरून त्यांना आहे.

आपणांसही काही करता येण्याजोगे आहे. मुलाच्या जन्मदाखल्यावर इंग्रजी नाव ज्या अक्षरांनी लिहिले असेल, तीच अक्षरे शेवटपर्यंत पाळावीत. अर्ज पाठविण्यापूर्वी दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. एक डोळा लिहितो, दुसरा पाहतो, हाच घरगुती ताळा. पाठविलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी. आणि मंडळाने महिन्यातील एका रविवारी दोन तास ज्येष्ठांचे अर्ज भरून देण्याची सोय करावी, असे आम्ही अध्यक्षांना सुचवितो. पन्नास वर्षे या मंडळाने नव्याने आलेल्या कुटुंबाला घर शोधून दिले, शाळा सांगितली, किराणा कोठे मिळतो हे दाखविले. पुढील काळात त्याला त्याचे नाव बिनचूक लिहून देणे, हीही मंडळाचीच सेवा ठरेल.