पडद्यांची फर्द
सोलापुरी चादरीची नक्षी मागात नसते, जॅकार्डाच्या छिद्रांकित पुठ्ठ्यांत असते. पुठ्ठे बदलले की त्याच मागावर निराळी वेलबुट्टी उमटते. संगणकाच्या कारभारात अशीच तजवीज बर्कली विद्यापीठातील बिल जॉय यांनी १९७८च्या सुमारास केली. कारण एडीएम-३ए हा संगणकाचा पडदा (टर्मिनल) कंट्रोल-झेड या एका संकेताने स्वच्छ होई, तर व्हीटी-१०० ला एस्केप, चौकटी कंस, दोन आणि जे अशी अक्षरमालिका हुकूम म्हणून धाडावी लागे (केवढा हा मानपान!); अशा सर्व पडद्यांचे चोचले प्रत्येक आज्ञावलीने पुरविणे दुर्घटच. जॉय यांनी ‘टर्मकॅप’ नामक दप्तरात पडद्यागणिक एकेक फर्द ठेविली. आज्ञावली पडद्याचे नाव विचारून त्याची फर्द काढी आणि ‘सीएल’ (क्लिअर) या रकान्यातील पडदा पुसण्याचा संकेत जसाच्या तसा पाठवी.